आधी चाचणी, मग बाग : गोडोमधील जीयूटी या चाचणीसाधनाचे परीक्षण

गोडो या मुक्तस्रोत गेम इंजिनसाठी ‘गोडो युनिट टेस्ट’ नावाचे एक चाचणीसाधन उपलब्ध आहे आणि वापरणारे त्याला जीयूटी या छोट्या नावाने ओळखतात. वरूड तालुक्यातील आमच्या गावातून मी आणि माझा धाकटा भाऊ संत्र्याच्या बागेवरचा एक मराठी खेळ तयार करत आहोत. नियम आणि कोड माझ्याकडे, चित्रे आणि आवाज त्याच्याकडे. या खेळाचा जवळजवळ प्रत्येक नियम मी आधी जीयूटीमध्ये चाचणी म्हणून लिहिते आणि त्यानंतर त्याचा कोड लिहिते. या पद्धतीला टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे टीडीडी, म्हणतात. माझे मत सुरुवातीलाच सांगते. खेळातील नियम आणि काळ यांचा हिशेब सांभाळण्यासाठी टीडीडीसारखी दुसरी शिस्त मला ठाऊक नाही आणि गोडोमध्ये ती शिस्त पाळणे जीयूटीमुळे सहज शक्य होते. खेळ खेळताना मजा येते की नाही, हे मात्र कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून हे साधन घेणाऱ्याची निराशा होईल.

आमचा खेळ कसा आहे हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे मुद्दे नीट कळणार नाहीत. खेळणाऱ्याच्या हाती एक छोटी बाग असते. आंबिया बहार घ्यायचा की मृग बहार, हे त्याने ठरवायचे. आंबिया धरायचा तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, पाने मलूल झाली की जानेवारीत खत आणि पाणी देऊन ताण सोडायचा आणि मग फुले येण्याची वाट बघायची. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, म्हणून तिथे ताण बसायला जास्त दिवस लागतात. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस आला की ताण तुटतो आणि बहार विस्कळीत फुटतो. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात बसतो आणि तो जूनच्या पावसाने सुटतो, त्यामुळे तिथे पावसाच्या लहरीवर अवलंबून राहणे आलेच. त्यापुढे फळगळ, काळ्या माशीमुळे पानाफळांवर येणारी काळी बुरशी म्हणजे कोळशी, खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग आणि शेवटी बाग बघून सौदा करायला आलेला व्यापारी. आमच्या भागातील कोणत्याही बागायतदाराच्या मुलाला हे सगळे तोंडपाठ असते. म्हणूनच खेळात त्यातला एक नियम जरी चुकला, तरी तो मुलगा लगेच म्हणेल की असे होत नसते, आणि खेळावरचा त्याचा विश्वास उडेल.

या नियमांची मोठी अडचण अशी, की ते एकमेकांत गुंतलेले आहेत. जमिनीचा पोत बदलला की ताणाचे दिवस बदलतात, ताणाचे दिवस बदलले की फुलांची संख्या बदलते, फुलांवरून फळे, फळांवरून फळगळ आणि फळगळीवरून सौद्याची रक्कम. एका टोकाला एक आकडा हलवला तर दुसऱ्या टोकाला काय झाले, हे खेळ प्रत्यक्ष खेळून तपासायचे म्हटले तर प्रत्येक वेळी बागेचे आख्खे वर्ष खेळून काढावे लागते. मोठ्या स्टुडिओत हे काम करणारी माणसे पगारावर असतात. दोघांच्या कामात ती कुठून आणायची?

टीडीडीची पद्धत अमेरिकी सॉफ्टवेअर अभियंता केंट बेक यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीचा भाग म्हणून रुजवली. तिचे चक्र लहान असते. आधी एक छोटी चाचणी लिहायची आणि ती नापास होते हे डोळ्यांनी बघायचे. मग ती पास होण्यापुरता कोड लिहायचा. मग चाचणी पास ठेवूनच कोडची मांडणी सुधारायची. चाचणी नापास झाली की तांबडा रंग दिसतो आणि पास झाली की हिरवा, म्हणून हे चक्र त्या रंगांनीच ओळखले जाते. नापास होताना बघण्याला विशेष अर्थ आहे, कारण जी चाचणी कधीच नापास झालेली नाही ती खरोखर काही तपासते की नाही याची खात्री देता येत नाही.

माझ्या खेळातील एक चाचणी अशी आहे: भारी जमिनीतील झाडाचा ताण पुरा होण्याआधी पाणी दिले, तर फुले पूर्ण बहारापेक्षा कमी आली पाहिजेत. हे वाक्य चाचणी म्हणून लिहायला बसले की लगेच प्रश्न उभे राहतात. आज कोणती तारीख आहे, हे झाडाला कोणी सांगायचे? पाऊस पडला, हे त्याला कसे कळणार? झाड संगणकाच्या घड्याळाकडे स्वतःच बघत असेल, तर चाचणीला डिसेंबर महिना येईपर्यंत थांबावे लागेल. झाड स्वतःच पावसाचा फासा टाकत असेल, तर तीच चाचणी आज पास होईल आणि उद्या नापास. म्हणजे तारीख आणि पाऊस या दोन्ही गोष्टी झाडाला बाहेरून द्याव्या लागतात, आणि झाडाचा नियम पडद्यावरच्या चित्रापासून वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये, ठेवावा लागतो. टीडीडीचे खेळाच्या कोडमधील सर्वांत मोठे मोल मला इथे दिसते. चुका पकडल्या जातात हा तिचा लाभ खराच आहे, पण त्याही आधी ती नियम आणि चित्र यांची फारकत करायला भाग पाडते. गोडोमध्ये खेळ ज्या घटकांनी बनतो त्यांना नोड म्हणतात; पडद्यावरच्या नोडलाच स्क्रिप्ट जोडायची सोय असल्यामुळे नवशिक्या माणसाचा सगळा हिशेब त्या नोडमध्येच जाऊन बसतो, आणि मग झाडाचे चित्र बदलताना बहाराचे गणित बिघडते. चाचणी आधी लिहिणाऱ्याला ती वाट सोयीचीच राहत नाही.

आता साधनाकडे वळते. जीयूटी विनामूल्य आहे आणि गोडोप्रमाणेच एमआयटी या, कोणालाही वापरू आणि बदलू देणाऱ्या, परवान्याखाली खुले आहे. गोडोच्या संपादकातील अॅसेट लायब्ररीतून ते उतरवता येते, प्रकल्पाच्या अॅडऑन्स फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि प्लगइन म्हणून चालू केले की संपादकाच्या खालच्या पट्टीत त्याचा विभाग दिसू लागतो. चाचण्या ज्या फोल्डरमध्ये आहेत तो दाखवून द्यायचा, एवढीच मांडणी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवते: गोडोचे संपूर्ण इंजिन काही मोठ्या व्यावसायिक इंजिनांच्या तुलनेत फारच लहान आहे, जीयूटी तर त्याहूनही किरकोळ आहे, आणि एकदा उतरवल्यावर दोन्हीही इंटरनेटशिवाय चालतात. खाते उघडणे नाही, परवान्याचे नूतनीकरण नाही.

चाचण्या गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेतच लिहायच्या असल्यामुळे वेगळे काही शिकावे लागत नाही. अपेक्षित मूल्य आणि आलेले मूल्य समान आहेत का, अमुक सिग्नल (एका वस्तूने इतरांना दिलेली सूचना) सुटला का, अमुक फंक्शन किती वेळा बोलावले गेले, असे तपासण्याच्या आज्ञा तयार मिळतात. दशांश संख्यांची तुलना करताना थोडी तफावत चालवून घेणारी स्वतंत्र आज्ञा आहे आणि खेळाच्या कोडमध्ये ती सतत लागते, कारण संगणकाच्या दशांश हिशेबात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ होत नाही. प्रत्येक तपासणीला स्वतःचा संदेश जोडता येतो. मी तो मराठीत जोडते, त्यामुळे चाचणी नापास झाली की संपादकात ‘भारी जमीन: ताण अपुरा, तरी बहार पूर्ण आला’ असे सरळ वाक्य दिसते आणि कोड न वाचणाऱ्या माझ्या भावालाही काय बिघडले ते समजते.

मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सोय म्हणजे एकच चाचणी मूल्यांच्या तक्त्यावर चालवता येणे. जमिनीचा प्रकार, ताणाचे दिवस, मध्येच पडलेला पाऊस आणि अपेक्षित बहार, अशा ओळी एका तक्त्यात लिहायच्या आणि चाचणी प्रत्येक ओळीवर चालू द्यायची. हा तक्ता मी आमच्या वडिलांना आणि शेजारच्या बागायतदार काकांना वाचून दाखवते. ‘मुरमाड जमिनीत इतके दिवस ताण दिला तर झाड खंगेल बाई, फुलणार नाही,’ असे काका म्हणाले, की त्या ओळीतला आकडा बदलायचा, चाचणी तांबडी होते, आणि मग नियम दुरुस्त करायचा. बागेचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना कोडची ओळख नसते, आणि कोड लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना बागेची. त्या दोघांना एकाच कागदावर आणणारी दुसरी कोणतीही पद्धत मला सापडलेली नाही.

खेळाचा कोड इतर सॉफ्टवेअरपासून सर्वांत वेगळा पडतो तो काळामुळे. दुकानाच्या बिलाच्या प्रोग्रॅमला सेकंदाचा साठावा भाग कितीसा महत्त्वाचा? खेळात मात्र सगळे त्या तुकड्यांवरच उभे असते. आमच्या बागेत वानरे येतात आणि त्यांना हुसकावण्यासाठी खेळातला मुलगा फांदीवर उडी मारतो. गोडोच्या द्विमितीय जगात गुरुत्वाकर्षणाचे मूळ मूल्य ९८० असते, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९८० पिक्सेलने वाढतो. नव्या पात्रासाठी गोडो ४ जो नमुना कोड देते, त्यात उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ४०० पिक्सेल असतो. शाळेत शिकलेल्या सूत्राने या उडीची उंची सुमारे ८१.६ पिक्सेल येते. परंतु संगणक उडी सलग मोजत नाही. हालचाल दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या चित्रागणिक, मोजायला लावली असेल, तर तो आधी वेग कमी करतो आणि मग त्या कमी झालेल्या वेगाने पात्र हलवतो. अशा रीतीने मोजल्यास सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या चांगल्या फोनवर उडी ७८.३ पिक्सेलपर्यंत जाते, तर ३० फ्रेमवर रडतखडत चालणाऱ्या जुन्या फोनवर ती ७५.१ पिक्सेलवरच थांबते. फांदी ७७ पिक्सेल उंचीवर असेल, तर एका मुलाला ती सापडते आणि दुसऱ्याला कितीही सफाईने खेळूनही कधीच सापडत नाही. ज्या संगणकावर खेळ तयार होतो तिथे हे कधी दिसतच नाही. आणि आमच्याकडची मुले जे फोन वापरतात ते बहुतेक घरातल्या मोठ्यांनी वापरून सोडलेले, जुनेच असतात.

ही गोष्ट जीयूटीमध्ये आधी चाचणी म्हणून मांडता येते. त्यात सिम्युलेट नावाची एक सोय आहे. एखाद्या वस्तूचे दर फ्रेमला चालणारे फंक्शन ती आपण सांगू तितक्या वेळा आणि आपण देऊ त्या कालावधीने चालवते. तीच उडी एकदा सेकंदाच्या साठाव्या भागाने आणि एकदा तिसाव्या भागाने चालवायची आणि दोन्ही उंची जवळपास सारख्या याव्यात अशी अट घालायची. ही अट पुरी करायची तर कोड बदलावा लागतो: फ्रेमच्या आरंभीचा आणि शेवटचा वेग यांची सरासरी घेऊन पात्र हलवले, की दोन्हीकडे ८१.६ पिक्सेल येतात. गोडोमध्ये ठरावीक गतीने, मुळात सेकंदाला ६० वेळा, चालणारे वेगळे भौतिकी फंक्शनही आहे आणि हालचाल तिथेच ठेवावी हा सल्ला योग्यच आहे. पण तो सल्ला पाळला गेला आहे की नाही, हेही शेवटी चाचणीनेच कळते. कॅमेऱ्याचेही असेच आहे. प्रत्येक फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग सरकणारा कॅमेरा ६० फ्रेमच्या फोनवर एका सेकंदात जवळजवळ पोहोचलेला असतो, ३० फ्रेमच्या फोनवर चार टक्के अंतर अजून बाकी असते.

या सोयीची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. सिम्युलेट फक्त आपली फंक्शने बोलावते. इंजिनाची स्वतःची टक्कर-मोजणी आणि टायमर त्यात पुढे सरकत नाहीत. ज्या चाचणीत पात्र खरोखर जमिनीला टेकले पाहिजे किंवा टायमर खरोखर संपला पाहिजे, तिथे ठरावीक फ्रेम किंवा सेकंद थांबायला सांगणाऱ्या वेगळ्या आज्ञा वापराव्या लागतात, आणि त्या खरोखरच तेवढा वेळ घेतात. अशा चाचण्या वाढत गेल्या की सगळा संच धिम्या गतीने चालू लागतो आणि माणूस तो वारंवार चालवायचा कंटाळा करतो. टीडीडीत तर चाचण्या दर काही मिनिटांनी चालवायच्या असतात. म्हणून थांबणाऱ्या चाचण्या मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत आणि त्या दिवसाच्या अखेरीस चालवते. बहार, ताण, फळगळ, सौदा यांच्या शुद्ध हिशेबाच्या काहीशे चाचण्या चहा गाळून होण्याआधी संपतात.

खोट्या वस्तू तयार करण्याची सोय जीयूटीत चांगली आहे. पावसाची खरी स्क्रिप्ट बाजूला ठेवून तिची हुबेहूब नक्कल चाचणीत द्यायची आणि ‘डिसेंबरच्या या दिवशी पाऊस पड’ असे तिला बजावायचे, हे दोन ओळींत होते. मुळात अशी नक्कल फक्त आपण लिहिलेल्या फंक्शनांची होते. इंजिनाच्या स्वतःच्या फंक्शनांची नक्कल हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस बराच वेळ गोंधळात राहू शकतो. शिवाय दर चाचणीत चार-पाच नकला लागू लागल्या, तर दोष साधनाचा नसून आपल्या कोडमधील वस्तू एकमेकींबद्दल फार काही जाणतात असे समजावे.

दोन लाभ असे आहेत की ज्यांच्याबद्दल खेळाच्या संदर्भात पुरेसे बोलले जात नाही. पहिला आहे साठवलेल्या खेळाचा. मुलाने महिनाभर वाढवलेली बाग फोन बंद करून उघडल्यावर जशीच्या तशी परत आली पाहिजे. गोडोमध्ये अनेक जण यासाठी माहिती मजकुराच्या रूपात साठवणारे जेसन हे स्वरूप वापरतात आणि त्यात दोन खाचखळगे आहेत: कोशातील सर्व किल्ल्या, म्हणजे ज्या नावाने किंवा क्रमांकाने एखादी नोंद शोधायची ती ओळख, अक्षरमाला होऊन परत येतात आणि सर्व पूर्णांक दशांश संख्या होऊन परत येतात. म्हणजे १२ क्रमांकाचे झाड साठवले, तर परत आल्यावर १२ हा आकडा देऊन ते सापडत नाही, कारण आता तिथे ‘१२’ हे अक्षरांतले नाव आहे. ‘बाग साठव, उघड, आणि ती मूळ बागेसारखीच आहे का ते बघ’ ही चाचणी आधी लिहिली असेल, तर हा दोष पहिल्याच फेरीत समोर येतो. दुसरा लाभ स्मृतीचा आहे. गोडोमधील नोड आपण मोकळे केले नाहीत आणि ते कोणत्याही दृश्यात नसले, तर मेमरीत अनाथ पडून राहतात. जीयूटी चाचण्यांनंतर असे किती अनाथ नोड उरले ते सांगते. गळून पडलेल्या प्रत्येक फळाचा नोड मागे राहत असेल, तर कमी रॅमच्या फोनवर खेळ थोड्या वेळाने गुदमरतो, आणि खेळणाऱ्या मुलाला वाटते की फोनच खराब आहे.

खेळाच्या जगात टीडीडीबद्दल जी शंका नेहमी घेतली जाते, ती रास्त आहे. खेळाची रचना सतत बदलते; आज लिहिलेला अर्धा कोड उद्या टाकून द्यावा लागतो; मग त्याच्या चाचण्याही वाया जातात. नवी कल्पना चाचपून बघताना मी स्वतः चाचण्या लिहीत नाही. वानरांना गोफणीने हुसकावायचे की डबा वाजवून, हे ठरवताना कोड कसाही लिहावा, मुलांच्या हाती द्यावा, त्यांचे चेहरे बघावेत आणि न आवडलेले काढून टाकावे. उडी मारताना बोटाला कसे वाटते, डबा वाजल्यावर हसू येते की नाही, हे आकड्यांत मांडता येत नाही. मराठी अक्षरांचेही काहीसे असेच आहे. देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवून दाखवण्याची क्षमता गोडोमध्ये २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या तिसऱ्या आवृत्तीत ती नव्हती. एखाद्या वाक्याचे मराठी रूप राहून गेले आहे का, हे चाचणी सांगते. पण ‘आंब्या’तला ‘ब्या’ छोट्या पडद्यावर वाचता येतो का, ते डोळ्यांनीच बघावे लागते. मात्र एकदा कल्पना पक्की ठरली, की तो चाचपणीचा कोड बाजूला ठेवून नियम चाचणीसह नव्याने लिहावा, असे माझे ठाम मत आहे. बागेचा नियम हा ‘बघू या’ या पातळीवर राहता कामा नये.

मोठ्या खेळांतही ही पद्धत वापरली गेली आहे, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या अनेक तरुणांचा समज असा आहे की चाचण्या या बँकांच्या आणि कार्यालयांच्या सॉफ्टवेअरसाठीच असतात. अमेरिकेतील हाय मून स्टुडिओजमध्ये नोएल योपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीडीडीने खेळ लिहिले आणि २००६ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो अनुभव मांडला. योपिस आणि चार्ल्स निकल्सन यांनी सी प्लस प्लससाठी तयार केलेले युनिटटेस्ट प्लस प्लस हे साधनही खेळांच्याच गरजेतून आले. ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाने उभारण्याचा खेळ करणाऱ्या वुब सॉफ्टवेअर या चेक कंपनीचे मिखाल कोवारिक यांनी टीडीडीकडे आपण कसे वळलो याबद्दल लिहिले आहे. त्या खेळात अनेकांनी मिळून खेळताना प्रत्येकाचा संगणक तोच हिशेब स्वतंत्रपणे करतो आणि एकमेकांना फक्त खेळाडूंच्या कृती कळवल्या जातात. त्यामुळे एका संगणकावर एका आकड्याचा फरक पडला तरी दोघांचे जग वेगळे होते. अशा खेळात तपासलेले नियम ही चैन राहत नाही. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ या २०१८च्या खेळासाठी रेअर या ब्रिटिश स्टुडिओने स्वयंचलित चाचण्यांवर मोठा भर दिला आणि रॉबर्ट मासेला यांनी पुढच्या वर्षी त्याची माहिती जाहीर व्याख्यानात दिली. ते काटेकोर अर्थाने टीडीडीचे उदाहरण नाही, पण खेळाच्या कृतींनाही चाचणी लावता येते हे त्यातून सिद्ध झाले.

ग्रामीण भागात एकट्या माणसाने काम करण्याच्या दृष्टीने एक गोष्ट फार मोलाची आहे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि शेतीपंपाला रात्रीपाळीची वीज असेल त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचीच झोप आणि दिवस मोडतो. कामाचा धागा सारखा तुटतो. केंट बेक यांचा एक सल्ला आहे, की एकट्याने काम करणाऱ्याने थांबताना शेवटची चाचणी मुद्दाम नापास अवस्थेत सोडावी. ओलित करून, दोन दिवसांनी लॅपटॉप उघडला तरी चाचण्या चालवताच एकच तांबडी ओळ दिसते आणि काम कुठून धरायचे ते कळते. जीयूटी संपादक न उघडता, पडद्यावर काहीही न दाखवता, आज्ञेच्या ओळीवरूनही चालते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू असताना हा फरक जाणवतो.

उणिवा सांगायच्या तर दस्तऐवज इंग्रजीतच आहेत आणि ते वाचणाऱ्याला चाचण्यांची पूर्वओळख आहे असे धरून लिहिलेले आहेत. अगदी नवख्या माणसाला पहिल्या हिरव्या ओळीपर्यंत पोहोचायला कोणीतरी जवळ बसून दाखवणारे हवे. आवृत्त्यांचाही घोळ होऊ शकतो: गोडो ४ साठी जीयूटीची नववी मालिका आहे, गोडो ३ साठी सातवी; जुन्या व्हिडिओत दाखवलेल्या काही आज्ञांची नावे आता बदललेली आहेत, आणि इंटरनेट तुटपुंजे असताना ही शोधाशोध त्रासदायक होते. सी शार्प भाषेत गोडोचा खेळ लिहिणाऱ्यांसाठी जीयूटी योग्य नाही. त्यांनी जीडीयुनिट ४ हे साधन बघावे. त्यात संपूर्ण दृश्य चालवून त्यावर माऊस आणि कळांच्या कृती करून बघण्याची सोयही नेटकी आहे. युनिटी वापरणाऱ्यांना त्या इंजिनाचेच चाचणीसाधन मिळते आणि ते दर्जेदार आहे, पण जुन्या लॅपटॉपवर युनिटी उघडण्यातच इतका वेळ जातो, की दर काही मिनिटांनी चाचणी चालवण्याची सवय लागणे कठीण होते. जीडीस्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्या छोट्या गटासाठी मी जीयूटीलाच पसंती देईन, कारण त्यात शिकायला कमी आहे आणि चाचणीची फाइल उघडताच काय तपासले जात आहे ते वाचता येते.

ज्यांचा खेळ आधीच बराच लिहून झाला आहे, त्यांनी सगळ्या कोडला चाचण्या लावण्याचा घाट घालू नये. साठवणे आणि उघडणे यांची एक चाचणी लिहावी, उडी किंवा धावणे दोन वेगळ्या फ्रेम-गतींवर तपासणारी एक लिहावी, आणि त्यानंतर जो नवा नियम येईल तो मात्र आधी चाचणी लिहूनच आणावा. आमच्या खेळात पुढचा नियम गारपिटीचा आहे. त्याच्या तक्त्याच्या ओळी काकांनी सांगून झाल्या आहेत आणि त्या सर्व सध्या तांबड्या आहेत.